नातवार

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. बपेऱ्याचा बाजार होता आणि मी वांगी निवडत होते. शेजारी सुक्या झिंग्यांचं टोपलं घेऊन बसलेल्या माणसाने माझ्याकडे दोन-तीनदा पाहिलं आणि विचारलं, "तुमी मलेरियावाल्या बाबूच्या घरच्या ना जी? पयले कारध्याले राहत होते?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "भागरता बुडी गेली ना." वांगी पिशवीत टाकता टाकता मी विचारलं, "कुठं गेली? लाखांदूरला, लेकीकडं?" भागरता मावशीची थोरली लेक लाखांदूरकडे दिलेली होती, धान निघालं की मावशी एस.टी.त बसून तिच्याकडे जायची, म्हणून तोंडून सहज निघालं. तराजूतले झिंगे त्याने परत टोपल्यात ओतले आणि खाली बघत म्हणाला, "नाई जी. गेली."... मग मला समजलं. तरीसुद्धा वांगेवालीने "आनखी देऊ का?" विचारलं तेव्हा मी "दे" म्हटलं, आणि घरी येऊन बघते तर तीन माणसांच्या घरात आठवडाभर पुरतील एवढी वांगी.

हे लिहायला मला आमच्या आशिषने बसवलं. "पुरवणीत लोक लिहितात आई, तूपण लिही," म्हणाला. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणि एक आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर दुःख होतं, ते मला झालंच, पण त्याहून जास्त मी गोंधळले आहे. बारा वर्षं मला वाटत होतं की भागरता मावशीला मी ओळखते. आता वाटतं, त्या एका दिवसापुरती तरी ती मला कळलेलीच नाही, आणि विचारायचं म्हटलं तर ती नाही.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. आईवडील लहानपणी गेले, मामांकडे वाढले, मामीला हाताखाली कुणीतरी हवं होतं तेव्हा शाळा सुटली. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी गाणाऱ्या मुलींमध्ये मी मागच्या रांगेत उभी असायचे. तिथे मला अक्कांनी पाहिलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. "आमच्या प्रभाकरला ही मुलगी करू या," असं घरात त्याच म्हणाल्या, सासूबाईंचं मन त्यांनीच वळवलं, आणि माझ्या अंगावर लग्नातली म्हणून जी साडी होती तीसुद्धा त्यांचीच, त्यांच्या स्वतःच्या लग्नातली, घड्या घातलेली. मामांकडून काही निघणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी तोंडातून शब्द काढला नाही. त्या घराने मला घेतलं, आणि त्या दिवसापासून आपण या लोकांना कधी नाही म्हणायचं नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवायला लावलं नव्हतं... पण ठरवलं होतं.

यांची नोकरी हिवताप खात्यात. पहिलीच नेमणूक भंडाऱ्याला झाली. मनमाडला गाडी बदला, नागपूरला बदला, वरठीच्या स्टेशनावर उतरा आणि पुढे बस. शहरात भाडं परवडेना म्हणून वैनगंगेच्या पलीकडे कारध्यात एक खोली घेतली. हे सकाळी सायकल काढून गावोगाव फिरायचे, तापाच्या माणसांचं रक्त घ्यायचे, भिंतीवर पेन्सिलीने तारीख टाकायचे, कधी कधी दोन दोन दिवस परत यायचे नाहीत. मला त्या गावातलं बोलणंसुद्धा नीट कळायचं नाही. टोमॅटोला भेद्र म्हणतात हे मला पहिल्यांदा भांडण झाल्यावर कळलं. त्या खोलीच्या मागे ढिवरांची, म्हणजे तिकडच्या कोळ्यांची, घरं, आणि अगदी पाठीला पाठ लावून भागरता मावशीचं. नवरा नाही, एक मुलगा नदीत जाळं टाकणारा, आणि ही टोपलं डोक्यावर घेऊन पूल ओलांडून भंडाऱ्याला मासे विकणारी. पहिल्या दिवशी दारात उभी राहून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मासोरी येते का करता?" मी नाही म्हटलं. "भात?" म्हटलं, आम्ही भाकरी खातो. "बापा बापा," ती म्हणाली, "मंग अथी आली कायले वो माय, उपाशी मरायले?" आणि स्वतःच चुलीशी येऊन बसली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आशिष झाला. सुईण आणायला मावशीच धावली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली तीही मावशीच. हे तेव्हा तिकडे कुठेतरी भिंतीवर तारीख टाकत होते. दसऱ्याच्या आसपास पोराला ताप आला. हिवतापाच्या माणसाच्या घरात हिवताप. मी घाबरून वेड्यासारखी झाले होते, रात्रंदिवस पोराला उराशी धरून बसायचे, आणि मावशी त्याला माझ्याकडून ओढून घ्यायची, "तू झोप, नाईतर दोघायले पाहा लागन मले." गोळ्यांनी ताप उतरला, पण पोर वाळलं ते वाळलंच. यांनी नगरला कळवलं. सासूबाईंचं उत्तर आलं की बाळाच्या पहिल्या नाताळाला आम्ही सगळे तिकडेच येतो.

मी आनंदाने मावशीला सांगायला गेले. ती अंगणात मासे साफ करत होती. म्हटलं, "मावशी, नाताळाला सासूबाई येणार, दादा-अक्का येणार, बाळाला बघायला." तिकडच्या बोलीत ळ चा र होतो. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. तिने मान वर केली. "नातवार? म्हंजे नातवाचा वार?" मी म्हटलं, नातवार नाही मावशी, नाताळ. "हाव ना, तेच म्हनून राहिलो. सोमवार, मंगरवार, तसा नातवार. आजी येते नातवाले पाह्यले. बराबर सन हाये. आमच्यात नाई वो असा." मी तिला समजावलं की हा आमच्या प्रभूच्या जन्माचा सण असतो. ती "हाव, हाव" म्हणत मरळीचे खवले काढत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं की मलेरियावाल्या बाबूकडे पोट्ट्याचा नातवार आहे. आणखी एकदा समजावलं, मग सोडून दिलं. आजी नातवाला बघायलाच येत होती, ते काही खोटं नव्हतं. हे हसून म्हणाले, "असू दे की, तिच्या शब्दाला अर्थ तरी आहे. नाताळ म्हणजे काय, तुला तरी सांगता येईल का?" मला नव्हतंच येत.

तेवीस तारखेला मंडळी आली. सासूबाई, दादा म्हणजे माझे शाळामास्तर असलेले थोरले दीर, अक्का, आणि दोन ट्रंका. मावशी त्यांच्या स्वागताला माझ्याआधी दारात. "या इहीनबाई," तिने सासूबाईंचा हातच धरला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ही कोण गं? आणि मी हिची विहीण कधीपासून?" मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "पोरीले माय नाई, मंग मीच ना जी. तुमाले इहीन नको का?" सासूबाईंना हसू आलं ते त्यांनी पदरात लपवलं. पण पोराला हातात घेतल्यावर ते गेलं. त्याच्या मांडीला चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "हे काय झालं गं याचं?" आणि यांच्याकडे वळून, "लोकांच्या भिंतींवर तारखा लिहितोस, तुझ्या घरात काय चाललंय ते कोण लिहिणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते तेव्हा अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या हातात लोकरीच्या सुया होत्या, आशिषसाठी स्वेटर विणत होत्या. एक ओळ विणून झाली. मग म्हणाल्या, "आईंचं असं म्हणणं आहे... म्हणजे माझंही आहे... बाळाला आम्ही बरोबर नेतो. शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत. तिकडे दूध आहे, डॉक्टर आहे. इथे तू एकटी, प्रभाकर फिरतीवर. तुझं काही चुकलं असं कुणी म्हणत नाही." त्यांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सुयांवरची नजर काढली नाही, पण हात थांबले होते. मी काय म्हणणार होते? ज्या बाईने मला स्वतःची लग्नातली साडी दिली, तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणू? मी म्हटलं, "बरं अक्का." हे संध्याकाळी आले तेव्हा दादांनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. आत येऊन हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईचा विचार वाईट नाही." एवढंच. खरंच पोराचं भलं तिकडेच असलं तर? मी ठेवून घेतला आणि पुन्हा ताप आला तर? मी स्वतःच्या लेकरासाठी रडते आहे की स्वतःसाठी, हेसुद्धा मला सांगता येईना. विहिरीवर पाणी ओढताना मावशीने विचारलं, "काहून वो, डोरे काहून सुजले?" म्हटलं, धूर लागला. ती म्हणाली, "हाव, सासू आली का चूल लयच धुकते." अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. मी तिला काहीएक सांगितलं नाही, हे मला पक्कं आठवतं. पण भिंत एकच होती, आणि सासूबाईंचा आवाज मोठा.

नाताळच्या दिवशी सकाळी दादांनी खोलीतच उपासना घेतली, आम्ही पाच माणसांनी गाणी म्हटली. सासूबाईंनी नगरहून आणलेल्या करंज्या ताटात लावल्या. कोपऱ्यात मी लहानशी गव्हाणी मांडली होती, आत येशूबाळाच्या मूर्तीखाली घालायला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मावशीच्याच अंगणातून आणलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटं काढून झालेली, आशिषची झबली अक्कांच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेली. जेवायची वेळ झाली तेव्हा बाहेर बायकांचा आवाज आला. दार उघडलं तर मावशी, तिच्यामागे गल्लीतल्या सात-आठ जणी. एकीच्या हातात नव्या तांदळाचा भात, एकीकडे पोपटीच्या शेंगा, आणि मावशीच्या हातात पातेलंभर मरळीचा रस्सा. "नातवार हाये ना जी," मावशी म्हणाली, "आजीले जेवाले आनलो."

सासूबाईंना काय करावं ते सुचेना. पंगतच बसली. आमच्या माणसांना माशाचे काटे काढायची सवय नाही, दादा एकेक घास भिंगातून बघितल्यासारखा बघत होते आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तर काटा खाते का पुस्तक वाचते?" मावशीने आशिषला मांडीवर घेतलं होतं आणि मऊ भात कुस्करून त्याच्या ओठांना लावत होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अहो बाई, नातवार नाही हो हा. नाताळ. आमच्या येशूबाळाचा जन्म झाला तो दिवस." मावशी म्हणाली, "कोनाचा? सांगा ना जी. आमाले कोन सांगते?"

सासूबाई गोष्ट फार सुंदर सांगत. नगरला रविवारच्या शाळेत दरवर्षी त्याच सांगत, मुलं चूप बसून ऐकत. त्या सावरून बसल्या आणि सांगू लागल्या. की मरिया पोटुशी होती आणि तिला नवऱ्याबरोबर परगावी जावं लागलं. मावशीने विचारलं, "दिवस भरलेल्या बायकोले घेऊन निंगाला कायले?" नावनिशी लिहायची होती, सरकारी हुकूम होता. "हा, सरकारी काम," मावशीने यांच्याकडे हात केला, "आमच्या बाबूसारखं." सगळ्या हसल्या, हेसुद्धा हसले. सासूबाई पुढे म्हणाल्या, त्यांना कुठे जागा मिळेना, मग ती दोघं गोठ्यात राहिली, तिथेच बाळ झालं.

"तिची माय नोहती संगं?"

"नव्हती."

"सासू?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "सासूपण नव्हती."

"मंग पोट्ट्याची नार कोन कापली?"

दादांनी घसा साफ केला. सासूबाई म्हणाल्या, "ते लिहिलेलं नाही."

"लिवलं नसन. शेजारीन असन कोनी. तिचं कोन लिवते?" मावशी म्हणाली. "मंग?"

मग मेंढपाळ आले, आणि मग पूर्वेकडचे ज्ञानी लोक, तारा बघत बघत, खूप दूरचा प्रवास करून. सोनं आणलं, ऊद आणला, गंधरस आणला. सासूबाईंचा आवाज नेहमी इथे चढायचा, तसा चढला. मावशी ऐकत होती, आशिषच्या ओठावरचा भात बोटाने पुसत होती. मग तिने विचारलं,

"अन् घेऊन गेले का मंग?"

"काय?"

"पोट्टं. येवढे दुरून आले, सोनं घेऊन आले. माय गरीब, गोठ्यात राह्यते. मंग पोट्ट्याले घेऊन गेले का संगं?"

अक्कांच्या हातातला घास ताटात राहिला. सासूबाईंनी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे... ते पाहणं मला आजही सांगता येत नाही. त्यात राग नव्हता. त्या हळू म्हणाल्या, "नाही. भेटी ठेवल्या, पाया पडले आणि आपल्या देशाला परत गेले."

"हाव," मावशी म्हणाली, समाधानाने, जसं काही तिला आधीपासून असंच वाटत होतं. "मंग बराबर हाये. आमाले काय मालूम जी." आणि पातेलं पुढे सरकवून, "घ्या इहीनबाई, रस्सा घ्या, गार झाला."

त्या संध्याकाळी काही ठरलं नाही. पण झोपायच्या आधी सासूबाई उठल्या, अक्कांची ट्रंक उघडली, झबल्यांची घडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दुधाचा रतीब वाढव. दर महिन्याला वजन कळव." दुसऱ्या दिवशी मंडळी गेली. स्टेशनावर अक्कांनी अर्धवट राहिलेला स्वेटर माझ्याकडे दिला आणि सुयासुद्धा दिल्या. "एक बाहीच राहिली आहे," म्हणाल्या. मला त्यांना मिठी मारायची होती, आणि माझ्या कडेवर पोर होतं, म्हणून मारता आली नाही... किंवा पोर कडेवर होतं म्हणूनच मारवली नाही.

पुढे अक्का जवळजवळ दर नाताळला आल्या. आमची बदली साकोलीकडे झाली, मग बपेऱ्याला, तरी आल्या. आशिषला त्यांनी पाढे शिकवले, सायकल घेऊन दिली. माझ्यावर त्या कधी रागावल्या नाहीत, निदान दाखवलं नाही. मावशीचा विषय निघाला की मात्र म्हणायच्या, "फार हुशार आहे गं ती बाई. मागच्या दारातून मी तिला विहिरीवर तुझ्याकडे बघताना पाहिलं होतं. सगळं समजून आली होती." मी म्हणायचे, "नाही हो अक्का, तिला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटायचं नातवाचाच सण आहे." त्या मान हलवायच्या. मला ते आवडायचं नाही. मावशीने मुद्दाम केलं असं मानलं, तर माझ्या सुखासाठी तिने सगळ्यांसमोर अक्कांच्या मनावर घाव घातला असं होतं, आणि त्या घावाचं फळ मी बारा वर्षं खाते आहे असं होतं. ती भाबडेपणाने बोलली असली तर कुणाचाच दोष नाही. म्हणून मी तिला भाबडी ठेवली. मनातल्या मनात ठेवली. कधी भेटले तरी विचारलं नाही.

बातमी कळल्यावर चार दिवसांनी मी कारध्याला गेले. पुलावरून बस जाताना खाली जाळी वाळत घातलेली दिसली आणि मला वाटलं की आत्ता ती टोपलं घेऊन पुलावर दिसेल. घरी तिची सून शेवंता होती आणि शेवंताची सहा-सात वर्षांची मुलगी, रुपी. शेवंताने चहा ठेवला. ताप आला, दोन दिवस निजली आणि गेली, म्हणाली. काही त्रास दिला नाही. रडणं झालं, मग इकडचं-तिकडचं बोलणं निघालं, आणि बोलता बोलता शेवंता म्हणाली, "आता भंडाऱ्याच्या मिशनवाल्या सिस्टर लोकायले मासोऱ्या कोन देईन, तोच विचार पडला. बुडीच जाये ना. त्यायच्या सनाले तर चांगल्या मोठ्या लागत, बुडी आदल्या दिवशी देऊन ये."

मी विचारलं, "कुठल्या सणाला?"

"तो नाई का, थंडीतला. तथी चांदनी लावतेत, बाहुला ठेवतेत तनसात. रुपीचा बाप लहान होता तवापासून जाये ती. तिथंच बसून चहा पिये, बाहुला पाहून ये."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. माझं लग्न होऊन मी कारध्याला यायच्या कितीतरी आधीपासून मावशी नाताळच्या आदल्या दिवशी सिस्टर लोकांकडे मासे घेऊन जात होती. चांदणी पाहत होती. तणसातला बाळ पाहत होती. मग माझ्या अंगणात खवले काढत "नातवाचा वार" म्हणाली ते काय होतं? आणि "आमाले काय मालूम जी" ते?... म्हणजे अक्का खरं म्हणत होत्या? पण मग मला असंही वाटलं की तिथे तिला गोष्ट कुणी सांगितली असेल का? मासे दिले, चहा दिला, बाहुला दाखवला. एवढंच. मासेवाल्या बाईला बसवून कोण सांगतं की राजे आले, भेटी ठेवल्या आणि परत गेले? तिला चांदणी ठाऊक असेल आणि शेवट ठाऊक नसेल. असंही होऊ शकतं. बसल्या जागी मी एकदा इकडे होत होते, एकदा तिकडे, आणि शेवंता म्हणत होती, "चहा प्या ना जी, गार झाला."

मग रुपी माझ्याजवळ सरकली. ती मघापासून मला काहीतरी विचारू बघत होती आणि आई डोळे वटारत होती. शेवटी तिने विचारलंच. "नातवार कधी येते वो बाई?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शेवंता लाजली. "ते... बुडीनं सुरू केलं होतं जी. तुमी गेल्यावर. आमच्यात नाई असा सन, पन तिनं आनला. त्या दिवशी नातवायले, नातीले ओवारे, मासोरीचा रस्सा करे, पोट्ट्यायले नवं काही घे. लाखांदूरची लेकसुद्धा येते पोरं घेऊन. गल्लीत आनखी दोघी-तिघी करतेत."

"पन तारीख आमाले नाई समजत," रुपी म्हणाली. "दिवारी पंचांगात राह्यते. नातवार पंचांगात नाई. आजीले बराबर समजे. सिस्टरले मासोऱ्या देऊन आली का दुसऱ्या दिवशी नातवार."

तिच्या आईने "चूप" म्हटलं, पण ती माझ्याकडेच बघत राहिली. मी सांगितलं, पंचवीस तारखेला असतो. डिसेंबर महिन्याच्या.

"दर साली तेच तारीख?"

"हाव," मी म्हटलं. "दर साली तीच."

"मंग तं सोपं हाये," रुपी म्हणाली, आणि सांगायला बाहेर पळाली.